होय, सांगतो तसं कर!

लिनक्स वापरणारा माणूस स्वतंत्र असतो. निदान तो तसं सांगतो. तो कुठल्या कंपनीचा मिंधा नाही, कुठल्याशा परवान्यावर न वाचता अंगठा उठवून बसलेला नाही, वर्गणी संपली म्हणून त्याचं पत्र अर्ध्यावर राहत नाही. संगणक त्याचा, हुकूम त्याचा. हा हुकूम तो काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत सोडतो : ‘सुडो अॅप्ट इन्स्टॉल’, आणि पुढे चित्रं बघायच्या एखाद्या साध्याशा प्रोग्रॅमचं नाव. संगणक अदबीने कळवतो की हुकूम मान्य आहे, फक्त याच्यासोबत खालील मंडळीही येतील. मग नावं सुरू होतात. लिब-अमुक, लिब-तमुक, लिब-तमुक-कॉमन, लिब-तमुक-डेटा... स्क्रीन भरते, वर सरकते, पुन्हा भरते. यांतल्या एकाशीही स्वतंत्र माणसाची तोंडओळख नसते. शेवटी प्रश्न येतो : पुढे जायचं का? पर्याय दोन. मोठ्या लिपीतला वाय आणि लहान लिपीतला एन. काहीच न लिहिता एंटर दाबलं तर होकार धरला जाईल, असा त्या मोठ्या लिपीचा अर्थ. स्वतंत्र माणूस एंटर दाबतो.

यादी त्याने वाचलेली नसते. लिनक्सच्या जगातली बरीचशी सुखं आणि जवळजवळ सगळी दुःखं या न वाचलेल्या यादीत दडलेली आहेत.

ज्यांना या भानगडीची सवय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. विंडोजवाल्याला नवा प्रोग्रॅम हवा असला की तो इंटरनेटवर हिंडतो. सापडलेल्या पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली हिरवीगार बटणं असतात, त्यांतलं एक खरं आणि बाकीची जाहिरातींची. खरं सापडलं की ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’, ‘अटी मान्य आहेत’, ‘नेक्स्ट’, ‘फिनिश’. वाटेत एखादी बरोबरची खूण पुसायची राहिली, तर न मागितलेला अँटीव्हायरस घरी राहायला येतो आणि रोज सकाळी तब्येतीची चौकशी करतो. लिनक्सवाला असा दारोदार फिरत नाही. प्रत्येक लिनक्सचं आपलं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. कोठारातला प्रत्येक डाग म्हणजे पॅकेज. तो आणणारा, लावणारा, जुना झाला की बदलणारा आणि नको झाला की काढून टाकणारा प्रोग्रॅम म्हणजे पॅकेज मॅनेजर. डेबियन या लिनक्सची ‘बुकवर्म’ ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली तेव्हा तिच्या कोठारात ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. त्यांत ऑफिस आहे, ब्राउझर आहे, खगोलशास्त्र आहे, आणि आपण टंकलेलं वाक्य एका गाईच्या तोंडी घालून दाखवणारं ‘काउसे’ नावाचं पॅकेजही आहे. सगळं फुकट. फोनवरचं अॅप स्टोअर २००८ साली आलं तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. डेबियनवाले मात्र जागचे हलले नाहीत, कारण त्यांचं अॅप्ट १९९९ पासून हेच काम करत होतं. फक्त ते देखणं नव्हतं, आणि त्याचं कौतुक सांगणारी माणसंही नव्हती.

आता ती यादी. चित्र उघडायचा प्रोग्रॅम लिहिणारा शहाणा माणूस चित्र उघडायची विद्या पुन्हा पहिल्यापासून शोधत बसत नाही. जेपीईजी उलगडणारी लायब्ररी कोणीतरी आधीच लिहिलेली असते, तो ती वापरतो. त्या लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. म्हणजे पॅकेज मागवणं हे लग्नाची पत्रिका धाडण्यासारखं आहे : वर नाव एकाचं असलं तरी खाली ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असतं, आणि इथे मंडळी ते शब्दशः घेतात. डेबियनच्या नियमावलीत ही नाती रीतसर नोंदवलेली आहेत. ‘डिपेंड्स’ म्हणजे यांच्याशिवाय पाहुणा उंबरठा ओलांडणार नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे यांच्याशिवाय येईल, पण तोंड पाडून बसेल. म्हणून अॅप्ट त्यांनाही न मागता गाडीत घेतं. ‘सजेस्ट्स’ म्हणजे ‘त्यांनाही बोलावलंत तर बरं होईल’, असं फक्त बोलायचं असतं; कोणी बोलावत नाही आणि कोणी रागावतही नाही. ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे ते असतील त्या मांडवात आम्ही पाय ठेवणार नाही. ‘ब्रेक्स’ म्हणजे येऊ, पण त्यांनी आधी स्वतःत सुधारणा करावी. ‘प्री-डिपेंड्स’ म्हणजे भटजी येऊन बसल्याखेरीज पुढचं काही सुरूच व्हायचं नाही. आणि सगळ्यांत व्यवहारी नातं ‘प्रोव्हाइड्स’चं. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. सख्खा नसला तर मावसमामा चालतो, पण मामा हवा. डेबियनमध्ये पत्रं पोहोचवणाऱ्या यंत्रणेची अशीच एक मोकळी जागा आहे. तिथे एक्झिम उभा राहिला तरी चालतो, पोस्टफिक्स आला तरी चालतो. कार्य पार पडल्याशी मतलब.

या सगळ्यांना एकाच मांडवात भांडण न होता बसवायचं काम पॅकेज मॅनेजरचं. ते किती अवघड आहे, हे ईडॉस नावाच्या युरोपीय संशोधन प्रकल्पाने चक्क गणिताने सिद्ध केलं. एखादं पॅकेज नात्यांचे सगळे नियम पाळून बसवता येईल की नाही हा प्रश्न, संगणकशास्त्रात ज्यांना एनपी-कम्प्लीट म्हणतात, त्या कुप्रसिद्ध प्रश्नांच्या वर्गात मोडतो. म्हणजे मंडळी वाढत गेली की सगळ्या जुळण्या तपासून बघायला विश्वाचं आयुष्य पुरेल याची खात्री देता येत नाही. अॅप्ट हा प्रश्न बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आत सोडवतं. याबद्दल त्याचं कौतुक करायचं सोडून आपण इंटरनेटच्या वेगाबद्दल कुरकुरतो.

जेव्हा सुटत नाही, तेव्हा अॅप्ट जे बोलतं ते ऐकण्यासारखं असतं. ‘अडचणी दूर करता येत नाहीत, तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत,’ असं ते इंग्रजीत सुनावतं. आपण काहीही धरून ठेवलेलं नसतं. आपण प्रिंटर चालू करायला आलेलो असतो. कधी ते सांगतं की कुलूप मिळत नाही, दुसरी कोणती तरी प्रक्रिया कोठारात काम करते आहे. घरात आपल्याशिवाय कोणी नसतं. बऱ्याच तपासाअंती कळतं की संगणकच मागच्या मागे, सुरक्षेच्या काळजीपोटी, स्वतःला अद्ययावत करून घेत होता. पहिल्यांदा सुडो, म्हणजे मालकाचे अधिकार, वापरणाऱ्याला तर बौद्धिकच मिळतं : दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा, टंकण्याआधी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. एवढं ऐकून घेतल्यावर माणूस कॅल्क्युलेटर बसवतो.

तरी हे सुखाचे दिवस आहेत. इयन मरडॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. त्यानंतर आलेलं डीपीकेजी पॅकेज बसवायचं, पण त्या पॅकेजला लागणारी मंडळी जमवायची तुम्ही. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या आरपीएमचीही तीच तऱ्हा. ‘अ’ बसवायला जावं तर तो म्हणे ‘ब’ आणा. ‘ब’ आणला की तो ‘क’ची अमुकच आवृत्ती मागे. ती मिळवली की ‘क’ शांतपणे सांगे, ‘अ’ आल्याशिवाय मी हलणार नाही. त्यात आपल्याकडे इंटरनेट डायल-अपचं. मोडेमची किरकिर संपून तार जुळेपर्यंत घरातल्या कोणाला तरी अगदी तेव्हाच फोन करायचा असे, आणि नव्वद टक्के उतरलेली फाइल तिथेच राम म्हणे. मग लॅमिंग्टन रोडवर जाऊन सीडी आणायच्या, संगणकाच्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी जपून ठेवायच्या, मित्रांना तारण ठेवून द्यायच्या. उबुंटू नावाच्या लिनक्सवाले तर २०११ पर्यंत मागेल त्याला जगात कुठेही टपालाने सीडी पाठवत. सीडी फुकट, टपालखर्चही त्यांचा. परदेशी शिक्क्याचं पाकीट हातात घेऊन घरातले वडीलधारे विचारत, ‘यात त्यांचा काय फायदा?’ प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला पोरगा थांबायचा नाही. तो आधीच डिस्कचे तुकडे पाडायला बसलेला असे, आणि त्यांतल्या एका तुकड्यावर वडिलांचा टॅलीचा डेटा असे.

कोठार एक असतं तर गोष्ट सोपी होती. पण जिथे दोन स्वतंत्र माणसं तिथे तीन कोठारं. डेबियनचं ब्रीद आहे : तयार होईल तेव्हा येईल. त्यांच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं असतात, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाचे प्रमुख असलेले ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. २००० सालची आवृत्ती ‘पोटॅटो’, मग जुलै २००२ ची ‘वुडी’, आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ यायला जून २००५ उजाडलं. मधल्या तीन वर्षांत वुडीवाल्यांनी जगात काय काय नवीन आलं ते फक्त वाचलं. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीतली सॉफ्टवेअर जुनी असतात, हा आरोप डेबियनवाले स्तुती म्हणून स्वीकारतात. घाई असलेल्यांसाठी एक कायमची कच्ची आवृत्ती आहे. तिचं नाव कधीच बदलत नाही : ‘सिड’. चित्रपटात शेजारच्या घरातला, खेळणी मोडणारा तो कार्टा. इतका प्रामाणिक इशारा दुसऱ्या कुठल्याही उत्पादनाच्या खोक्यावर छापलेला सापडणार नाही.

रेड हॅटच्या घराण्यात आरपीएमच्या मदतीला यम आला. तो हाताशी बसला, लोकांच्या बोटांना वळण पडलं, आणि २०१५ साली त्याच घराण्यातल्या फेडोराने त्याच्या जागी डीएनएफ आणला. बोटं ऐकेनात. म्हणून त्यांच्या अनेक यंत्रांवर आजही यम लिहिलं की मुकाट्याने डीएनएफ धावून येतो आणि स्वतःचं नाव बदलल्याची तक्रार करत नाही.

आर्च नावाच्या लिनक्सवाल्यांना आवृत्ती हा प्रकारच मान्य नाही. त्यांचं कोठार रोज वाहतं. पॅकमॅन नावाच्या त्यांच्या मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘आय लव्ह कँडी’ अशी एक ओळ घातली, की डाउनलोडच्या पट्टीत जुन्या व्हिडिओ गेममधला पिवळा पॅकमॅन ठिपके खात पुढे सरकतो. करमणुकीची सोय आवश्यकच आहे. कारण अपडेट करण्याआधी आर्चच्या बातम्या वाचाव्यात असा दंडक आहे, आणि त्यांत अधूनमधून ‘हस्तक्षेप आवश्यक’ असा मथळा असतो. हस्तक्षेप आपण करायचा असतो.

जेंटूवाले आणखी पुढचे. त्यांना तयार प्रोग्रॅम घेणं कमीपणाचं वाटतं. ते मूळ कोड आणून आपल्या यंत्रावर स्वतः घडवतात. ऑफिस किंवा ब्राउझर घडायला यंत्र तासन् तास घणघणत राहतं. थंडीत पायाशी घेऊन बसायला बरं. त्यातून वेग किती वाढतो यावर मतभेद आहेत. आत्मसन्मान वाढतो यावर नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द जेंटूने तयार पॅकेजेसचं मोठं कोठार उघडल्याचं जाहीर केलं, तेव्हा काही निष्ठावंत बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची यंत्रं कामात होती. आणि स्लॅकवेअर, १९९३ पासून हयात असलेलं, कोणाला काय लागतं याचा विचारच करत नाही. त्याचं म्हणणं, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला कळायला हवं.

आपल्यासारख्यांची गाठ मात्र बहुतेकदा डेबियन किंवा उबुंटूशी पडते, आणि तीही घरातल्या जुन्या लॅपटॉपच्या निमित्ताने. मामाचा लॅपटॉप सुरू व्हायला चहाचा पूर्ण कप घेतो, म्हणून इंजिनिअरिंगला असलेला भाचा एका रविवारी त्यावर लिनक्स घालतो.

‘मामा, तुझा फोन आणि चार्जिंगची वायर दे जरा.’

‘का रे? लॅपटॉपला वायफाय आहे की.’

‘आहे ना. पण त्याचं फर्मवेअर इंटरनेटवरून आणावं लागेल.’

‘मग आण.’

‘इंटरनेट वायफायवर आहे.’

मामा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असल्यामुळे त्याला या उत्तरात काहीच वावगं वाटत नाही.

हे बुकवर्मच्या आधीचं, आणि यात भाच्याचा दोष नव्हता. अनेक वायफाय चिपांचं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, बंद कुलपातलं असतं. त्याचा कोड कोणाला वाचता येत नाही. आणि डेबियनच्या सामाजिक कराराप्रमाणे मूळ कोठारात फक्त मुक्त माल. म्हणून वर्षानुवर्षं अधिकृत सीडीतून ते वगळलेलं होतं. तत्त्व शंभर नंबरी, वायफाय शून्य. अखेर २०२२ च्या शरदात डेबियनवाल्यांनी मतदान घेतलं आणि बुकवर्मपासून हे फर्मवेअर सीडीवर घ्यायचं ठरलं. ज्यांचं मन खायचं, त्यांच्यासाठी पूर्वी कोठारात ‘व्हीआरएमएस’ नावाचं पॅकेज होतं. मुक्त सॉफ्टवेअरचे आद्य प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांचा तो आभासी अवतार. हाक मारली की तो तुमच्या यंत्रावरच्या सगळ्या अमुक्त पॅकेजांची यादी काढून समोर ठेवायचा. एकही नसलं, तर स्टॉलमनना अभिमान वाटला असता, असं म्हणून पाठ थोपटायचा. म्हणजे माणसाने स्वतःच्या मालकीच्या संगणकावर स्वतःच्या हाताने एक पाळतखोर बसवायचा, आणि त्याची शाबासकी मिळाली तर खूश व्हायचं. स्वातंत्र्याची हौस ही अशी असते.

विनोदबुद्धी मात्र या मंडळींनी सोडलेली नाही. ‘अॅप्ट मू’ असं लिहिलं की अक्षरांची गाय उभी राहते आणि आज तुम्ही हंबरलात का, अशी चौकशी करते. अॅप्टचंच भावंड असलेल्या अॅप्टिट्यूडला तेच सांगितलं तर ते म्हणतं, या प्रोग्रॅममध्ये गुपितं नाहीत. जरा जोर दिला तर : खरंच नाहीत. आणखी जोर दिला तर : एकदा सांगितलं ना? मग : पुरे! मग : बरं बाबा, एक दाखवलं तर जाशील? आणि एक विचित्र आकृती काढतं. पुन्हा विचारलं तर समजावतं की हा हत्ती आहे, साप त्याला गिळतो आहे. हे लिहिणाऱ्याला पगार नव्हता. पगार असता तर वरिष्ठांनी हत्ती काढायला लावला असता.

कोठारातलं भागेना, की माणूस बाहेर पाहू लागतो. अॅप्ट कुठून माल आणतं, ते ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ नावाच्या फाइलीत लिहिलेलं असतं. हौशी माणूस तिथे कोणाचं तरी खासगी कोठार जोडतो. मग त्या कोठाराची किल्ली नाही म्हणून ओरड होते. किल्ली म्हणजे माल खरोखर त्याच माणसाने पाठवला याची डिजिटल सही तपासायचं साधन. माणूस किल्ली शोधून आणतो, आणि ज्याच्याबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नाही त्याच्यावर विश्वास असल्याचं पूर्ण सुरक्षितपणे नोंदवतो. अशी पाच-सहा कोठारं जोडली, त्यांत थोडा सिड मिसळला, की जे तयार होतं त्याला डेबियनवाले ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. ते चालतं. फक्त त्याला अपडेट दाखवायचं नाही.

या कटकटीवर नव्या जमान्याने उपाय काढला : स्नॅप आणि फ्लॅटपॅक. इथे प्रोग्रॅम आपली बरीचशी मंडळी आणि लवाजमा घेऊनच येतो, घरातल्यांकडे फारसं काही मागत नाही. भांडणं कमी होतात. डिस्कवरची जागाही. एवढासा कॅल्क्युलेटर शेकडो मेगाबाइटचा बोजा घेऊन उतरतो आणि दोन अधिक दोन चार हे अगदी बरोबर सांगतो. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीपासून तर अॅप्टला फायरफॉक्स आणायला सांगितलं, की ते स्नॅपचा फायरफॉक्स आणून देतं. पॅकेजही मिळतं, आणि ‘आम्ही दिलंय ते गोड मानून घ्या’ हा संदेशही.

पण यादी न वाचण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण नोव्हेंबर २०२१ चं. कॅनडातला लायनस सबॅस्टियन हा प्रसिद्ध यूट्यूबर लिनक्स वापरून बघायच्या पैजेला उभा राहिला. त्याने पॉप ओएस नावाचं लिनक्स घेतलं आणि गेम खेळण्यासाठी स्टीम बसवायला सांगितलं. नेमकी त्या दिवसांत कोठारातल्या नात्यांत गफलत झालेली होती. अॅप्टने हिशेब मांडला आणि कळवलं, की स्टीम येऊ शकेल, फक्त त्यासाठी डेस्कटॉप काढावा लागेल. म्हणजे खिडक्या, मेनू, पडदा, सगळं. ही अत्यावश्यक पॅकेजेस आहेत, आपण काय करतो आहोत हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय पुढे जाऊ नका, असा इशाराही दिला. अशा वेळी अॅप्ट नुसत्या ‘वाय’वर समाधान मानत नसे. ‘होय, सांगतो तसं कर!’ हे अख्खं इंग्रजी वाक्य, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हासकट, जसंच्या तसं टंकायला लावत असे. सबॅस्टियनने ते टंकलं. अॅप्टने सांगितलं तसं केलं. स्वतंत्र माणूस काळ्या स्क्रीनसमोर उरला. लाखो लोकांनी हे पाहिलं, निम्मे त्याला हसले आणि निम्मे अॅप्टवर रागावले. पुढे असली पॅकेजेस काढणं अॅप्टच्या कर्त्यांनी आणखी अवघड केलं. म्हणजे आता घर पाडायचं असेल तर आधी तशी खास परवानगी मागावी लागते. नुसतं ओरडून भागत नाही.

या यादीतली नावं आपोआप जन्मत नाहीत. प्रत्येक पॅकेजमागे सांभाळणारा कोणीतरी असतो, बहुतेक वेळा स्वतःची नोकरी संपवून रात्री बसणारा. डेबियनमध्ये अशा माणसाला आत घेण्याआधी, तो तोच आहे हे दुसऱ्या डेबियनवाल्याने प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र बघून, त्याच्या डिजिटल किल्लीवर सही करून सांगावं लागतं. सांभाळणारा कंटाळला, लग्न झालं, दुसरं वेड लागलं, की पॅकेज पोरकं झाल्याची नोंद होते आणि दत्तक घेणाऱ्याचा शोध सुरू होतो. आपल्या यंत्रावरची कोणती पॅकेजेस पोरकी आहेत, हे सांगणारी कमांडही आहे. ती चालवायची नाही. रात्री झोप लागत नाही. आपण लिनक्सवर मराठी नीट वाचतो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते आणि जोडाक्षरं जुळतात, त्यामागेही असं पॅकेज आहे. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटने मोकळा केला आणि पुढे त्यांच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळला. फेडोरात एके काळी लोहित-मराठी असं स्वतंत्र पॅकेजही होतं. आपला ‘ल’ आणि आपला ‘श’ हिंदीवाल्यांसारखा नाही, एवढ्यावर मराठी माणसाने वेगळी चूल मांडली, आणि यावेळी जगाने ते मान्य केलं.

मार्च २०२४ मध्ये मात्र यादीतल्या एका नावाने सगळ्यांची दातखीळ बसवली. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. कोणी मुद्दाम बसवत नाही, जवळजवळ सगळ्यांकडे असते. तिला अनेक वर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि थकला होता. जिया टॅन असं नाव लावणारा कोणीतरी मदतीला आला, दोन वर्षांहून अधिक काळ नेकीने कामं केली, विश्वास मिळवला, सहसांभाळक झाला. मग ५.६.० या आवृत्तीत त्याने चोरदरवाजा ठेवला. दुरून संगणकात शिरायच्या एसएसएचला खरं तर या लायब्ररीची गरज नाही. पण डेबियनसारख्यांनी एसएसएचला, संगणकातल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीशी जोडलं होतं आणि सिस्टिमडीला एक्सझेड लागत होती. नात्यातलं नातं. सिड आणि फेडोराच्या कच्च्या आवृत्तीपर्यंत तो माल पोहोचलाही. पकडला कोणी? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या अभियंत्याने. सिडवर भलतंच काहीतरी मोजताना एसएसएचला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! सरकारी संकेतस्थळावर पोसलेल्या आपल्यासारख्याला अर्ध्या दिवसाने खटकलं नसतं. २९ मार्चला त्याने सगळं उघड केलं आणि जगभरचे व्यवस्थापक शनिवार-रविवार विसरून आपापली यादी वाचायला बसले. बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच.

या प्रकरणावरून ‘फुकटचा माल असाच असायचा’, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. ते हे सांगत होते फोनवरून, आणि फोनमध्येही अशाच कुणाकुणाच्या लायब्ऱ्या भरलेल्या असतात. टीव्हीत असतात, बँकेच्या सर्व्हरमध्ये असतात, गाडीच्या डॅशबोर्डात असतात. परावलंबन सगळीकडे सारखंच. फरक एवढाच, की इतरत्र ही यादी सहसा ‘कायदेशीर माहिती’च्या तळाशी, कोणी जात नाही अशा पानावर असते, आणि ती वाचून नकार द्यायची सोय नसते. लिनक्स ती तोंडावर आणून ठेवतं, कोण येणार, कोण जाणार, किती जागा लागणार ते सांगतं आणि मग थांबतं. एक्सझेडमधला दरवाजा सापडला तोही यामुळेच, की फ्रॉइंडला संशय आल्यावर आत डोकावून बघायला कोणाची परवानगी लागली नाही. स्वतंत्र माणसाचं स्वातंत्र्य कोणावर अवलंबून नसण्यात नाहीच. तो हजारो पॅकेजांच्या आणि त्यांच्या थकलेल्या, झोपमोड झालेल्या सांभाळकांच्या जिवावर जगतो. त्याला फक्त ‘यांच्या जिवावर जगायचं का?’ असं दर वेळी विचारलं जातं. बाकीच्यांना तेवढंही कोणी विचारत नाही.

तेव्हा विचारलंच आहे तर थोडं बघावं. सगळं नको, ‘खालील पॅकेजेस काढली जातील’ हा मथळा आला, तर तेवढा तरी. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर मोठा वाय सोडून लहान एनकडे जावं, त्यात कमीपणा नाही. बाकी एंटर दाबायला हरकत नसावी. प्रत्येक नावाची नीट चौकशी करून, कोड वाचून, खात्री पटल्यावरच होकार देणारी माणसंही या जगात आहेत म्हणतात. ती अजून ‘पोटॅटो’वर आहेत.